जोडीत एकालाच फुगवता येतं

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहरातल्या आमच्या गारखेड्यात पाणी साठवावं लागायचं. पिंपं, हंडे, कळश्या, आई तर कुकरसुद्धा भरून ठेवायची. किस्से साठवायला मात्र काही लागत नाही. चार रिकामटेकडी पोरं एका कूलरसमोर बसली की ते आपोआप साचतात आणि मग नको तिथं सांडतात. परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत सांडले. बायको म्हणाली, "पुरे आता, लोक ऐकतायत!" म्हटलं, ऐकू देत की! लोकांना काय रोज ऐकायला मिळतंय!

तर आमचा अड्डा म्हणजे पप्पूभाऊचं गेम पार्लर. तेव्हा गारखेड्यात जिकडं बघावं तिकडं नवीन बिल्डिंग उठत होत्या. लिफ्ट यायची, गेटवर वॉचमन यायचा, फक्त नळाला पाणी यायचं नाही. अशाच एका, म्हणजे आमच्याच, बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात पप्पूभाऊनं दोन टीव्ही मांडले होते. कूलर होता, पण त्यात पाणी घालायला सक्त मनाई. त्यामुळं तो तोंडावर गरम हवा फेकायचा. तरी आम्ही त्याच्यासमोरच बसायचो, कारण सवय.

खेळ एकच. अक्राळविक्राळ प्राण्यांची झुंज. दोघांची जोडी विरुद्ध दोघांची जोडी, प्रत्येकाचा एक प्राणी. ज्या जोडीचे दोन्ही आडवे, ती हरली. आणि त्यात एक भारी भानगड होती. अख्ख्या सामन्यात एका जोडीला एकदाच, एकाच प्राण्याला फुगवता यायचं. बटण दाबलं की प्राणी स्क्रीनभर व्हायचा. तीन डाव त्याचं राज्य, नुसते भूकंपासारखे तडाखे! तीन डाव झाले की फुस्स. खेळात त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, आम्ही सरळ 'फुगवणं' म्हणायचो.

जोडीत एकालाच, बरं का. माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

*

फुगवण्यातली पहिली गोम मला पहिल्याच महिन्यात कळली. फुगलेल्या प्राण्याला ढाल धरता येत नाही. समोरच्याला येते!

माझा प्राणी गेंडा. नाव दगड्या. जालना रोडच्या कॉलेजची दोन पोरं खेळायला आली होती. मी पहिल्याच डावाला दगड्याला फुगवला. सगळं पार्लर "ओऽऽ" करून उठलं. माझी कॉलर ताठ!

त्या पोरांनी काय केलं? काही नाही. एकानं ढाल धरली, मग दुसऱ्यानं धरली, मग परत पहिल्यानं. माझा दगड्या आपला ढालीवर डोकं आपटतोय. धाड! धाड! धाड! तीन डाव संपले, दगड्या फुस्स झाला आणि त्यांच्या एका चिमणीएवढ्या पाखरानं चोच मारून त्याला आडवा केला.

पप्पूभाऊ मागं चहा पीत उभा होता. म्हणाला, "सुहास, आमच्या वॉर्डातला पुढारी बी असाच हाय. प्रचारात रस्ताभर, अन् निवडून आला की दुर्बिणीतून बी दिसत नाय!"

*

माझा जोडीदार नदीम. दहावीपासून आम्ही एकत्र. त्याच्या अब्बांचं गॅरेज होतं, त्यामुळं त्याच्या नखांत कायम ग्रीस आणि रिमोटवर कायम काळे ठसे. पण खेळायला बसला की काय सांगू! समोरचा काय करणार हे त्याला समोरच्याच्या आधी कळायचं.

आणि प्राणी कुठला घ्यावा या माणसानं? गोगलगाय! तिचं नाव बेगम. बेगम मारत नाही, चावत नाही. बाजूच्या प्राण्याला औषध पाजते, बस. माझ्या दगड्याला जखम झाली की बेगम सरपटत येऊन पाजायची.

फुगवायची वेळ आली की नदीम दर वेळी म्हणायचा, "तू फुला रे दगड्याकू. मैं हूं ना पिच्छे."

मला वाटायचं, माझा खेळच तसा आहे म्हणून. आम्ही जिंकायचो आणि मी घरी जाऊन बाबांना सांगायचो, "आज मी जिंकलो." बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. धरणात किती पाणी उरलंय या काळजीत ते असायचे. म्हणायचे, "बरं. हातपाय कोरडेच पूस."

*

मधेच पप्पूभाऊचं सांगतो, नाहीतर राहून जाईल.

पप्पूभाऊला एकदा आम्ही खेळायला बसवलं. त्याचा प्राणी मोर, कारण तो दिसायला छान. मोर मार खातोय, पिसं उडतायत, आणि आम्ही सगळे ओरडतोय, "भाऊ, फुगवा! आता फुगवा!"

"थांबा रे. अजून टाइम हाय."

मोराचा जीव निम्मा झाला. "भाऊ, फुगवा!"

"एकदाच मिळतंय ना? मग! ऐन टायमाला लागंल."

मोर आडवा झाला. सामना संपला. फुगवायचं बटण आपलं तसंच चमकतंय. आम्ही कपाळावर हात मारले. पप्पूभाऊनं शांतपणे रिमोट ठेवला आणि म्हणाला, "असू द्या. शिल्लक तर राहिलं!"

हसू नका. त्या वर्षी अख्खं शहर असंच वागत होतं. आमच्या मागच्या काकूंनी टँकरचं पाणी इतकं जपून ठेवलं की त्यात डास झाले, तेव्हा ओतलं!

*

आणि मग बिरा आला.

वैजापूरकडचा. घरची मेंढरं, वडील मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं गावोगाव. हा गारखेड्यात मावशीकडं राहून इंजिनीअरिंग करत होता. पहिल्याच दिवशी तो पार्लरमध्ये आला तेव्हा मी जरा मोठेपणानं म्हटलं, "मेंढरांचं बरं माहीत असेल तुला. एडक्यांच्या टकरीसारखंच आहे हे."

बिरानं केसांवरून हात फिरवला. केस असे बसवलेले की वारा घाबरावा. म्हणाला, "मला मेंढराची ॲलर्जी हाय. जवळ गेलं की लई शिंका येत्यात. म्हनून तर बापानं ल्हानपणीच होस्टेलला टाकलं."

सगळे खो खो हसले. नदीम तर सोफ्यावरून खाली आला. आता सांगा, यात एवढं हसण्यासारखं काय होतं? मी किती विनोद करायचो, माझ्या विनोदावर नदीम कधी सोफ्यावरून खाली आला नव्हता.

मग बिरा खेळायला बसला. त्याचा प्राणी रेडा, काळा कुळकुळीत. आणि हा पठ्ठ्या फुगवतच नव्हता! बटणावर नुसता अंगठा नाचवायचा. समोरच्याला वाटायचं, आता फुगवतोय, आता फुगवतोय. तो घाबरून आधी स्वतःचा प्राणी फुगवायचा. बिरा तीन डाव ढालीआड काढायचा आणि समोरचा फुस्स झाला की मग आरामात रेड्याला फुगवून त्याला झोपवायचा.

नदीम मान डोलवत म्हणाला, "क्या दिमाग है रे इसका!"

चार वर्षं मी त्याच्या शेजारी बसत होतो. माझ्या दिमागाचा विषय एकदाही निघाला नव्हता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी उठून बाहेर गेलो आणि उगाचच वॉचमनशी भांडलो.

*

टँकरचा किस्सा तर मी अजून नीट पचवलेला नाही.

पार्लरचा एक नियम होता. टँकरचा हॉर्न वाजला की ज्याच्या बिल्डिंगचा टँकर त्यानं रिमोट टाकून पळायचं. खेळ काही थांबत नाही, त्यात घड्याळ चालू असतं, बटण दाबलं नाही तर प्राणी नुसता उभा राहून मार खातो. म्हणून मागं बसलेल्यानं त्याचा रिमोट उचलायचा. पाण्यापुढं सगळे सारखे. यावर कुणी वाद घालायचा नाही.

त्या दिवशी मी आणि नदीम हरत आलो होतो. मी दगड्याला फुगवला. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, हॉर्न! आमचाच टँकर!

"सुहाऽऽस!" वरून आईची हाक.

मागं कोण आहे ते न बघताच मी रिमोट फेकला आणि पळालो. रांगेत हंडा लावला, भरला, धापा टाकत परत आलो, तर पार्लरमध्ये शिट्ट्या आणि टाळ्या. बिराला दोघांनी खांद्यावर घेतलेलं. रिमोट त्याच्या हातात पडला होता. तीन डावांत त्यानं समोरचे दोन्ही प्राणी झोपवले होते.

दारात मी, कमरेला हंडा. दगड्या माझा, फुगवला मी, आणि टाळ्या याला! नदीम मला बघून ओरडला, "सुहास, देखा क्या तूने? तेरे दगड्याकू ये लड़का क्या चलाया!"

कसा बघणार? मी पाणी भरत होतो!

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढ्यात लाइट गेली, लिफ्ट बंद, आणि आई खाली पिंप घेऊन उभी. बिरा खांद्यावरून उतरला, "काकू, द्या इकडं" म्हणाला आणि ते पिंप चौथ्या मजल्यावर घेऊन गेला. आईनं त्याला गरम धपाटी खाऊ घातली, वर दही. मी वर पोचलो तेव्हा ताटात एक उरलं होतं, ते पण आई त्यालाच वाढत होती.

"किती गुणी मुलगा आहे रे तुझा मित्र!" आई म्हणाली.

म्हटलं, "माझा नाही. नदीमचा."

*

यानंतर मी ठरवलं, आपण काय चीज आहोत ते दाखवायचंच. जळणाऱ्या माणसानं काही ठरवू नये, पण ठरवलं.

फुगवण्यात अजून एक खोट आहे. फुगलेल्या प्राण्याचा सगळ्यात मोठा तडाखा आजूबाजूला सगळ्यांना लागतो. सगळ्यांना म्हणजे आपल्या जोडीदारालाही. त्यामुळं शहाणी माणसं तो वापरत नाहीत.

बिरा मागं उभा राहून बघत होता. मी दगड्याला फुगवला आणि तो मोठा तडाखा मारला. स्क्रीन हलली, टीव्ही हलला, मला वाटतं बिल्डिंगपण हलली. धूळ खाली बसली तर समोरचे दोघं ढालीआड मजेत. आणि माझ्या शेजारची बेगम उताणी!



नदीमनं रिमोट मांडीवर ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी प्रेमानं बोट दाखवून म्हणाला, "भाई, दुश्मन उधर है."

*

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

पुण्याला या खेळाची मोठी स्पर्धा निघाली. जोडीनं जायचं होतं. नदीम जाणार हे नक्की होतं, त्याच्याशिवाय आमच्यातून कोण जाणार? प्रश्न एवढाच, त्याच्यासोबत कोण? मी की बिरा?

मी म्हटलं, "मी जुना."

बिरा म्हणाला, "जुनं-नवं कशाला? खेळून ठरवू."

नदीम नखांतलं ग्रीस काढत बसला. मला तेच लागलं. त्यानं नुसतं "सुहास" म्हणायचं होतं, विषय संपला असता. पण हा दुसऱ्या नखाकडं वळला.

पप्पूभाऊनं तोडगा काढला. रविवारी दुपारी सामना. एकीकडं मी आणि पप्पूभाऊ, दुसरीकडं नदीम आणि बिरा. मी जिंकलो तर नदीमसोबत पुण्याला मी. मी हरलो तर बिरा.

आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुण्याचं काय घेऊन बसलात, मला स्पर्धा जिंकायचीही नव्हती. मला फक्त एसटीत नदीमच्या शेजारी बसायचं होतं आणि बिराला स्टँडवर उभा राहून टाटा करताना बघायचं होतं. खोटं कशाला बोलू!

रविवारी पार्लर खचाखच भरलं. पप्पूभाऊचा मोर नेहमीप्रमाणं लवकर आडवा झाला. उरलो मी एकटा. समोर बिराचा रेडा आणि नदीमची बेगम. मी मनाशी म्हणत होतो, फुगवायचं नाही, फुगवायचं नाही. आणि बिरानं बटणावर अंगठा नाचवला. झालं! घाबरून मी दगड्याला फुगवला.

तीन डावांत एकच तडाखा रेड्याला बसला, बाकीचे ढालीवर. रेडा अर्धमेला झाला, पण उभा राहिला. दगड्या फुस्स झाला, जीभ बाहेर, जीव जेमतेम. आणि त्यांचं फुगवणं अजून शिल्लक!

बिरा माझ्याकडं बघून हसला. वाईट नव्हता हसला तो, पण मला वाईट दिसला. म्हणाला, "आता बघ." अंगठा उचलला.

त्याचा अंगठा खाली यायच्या आत स्क्रीनवर उजेड झाला. कुणीतरी फुगत होतं. पण ते काळं नव्हतं.

बेगम!

नदीमनं बेगमला फुगवलं होतं! सगळ्या पार्लरनं आ वासला. स्क्रीनभर गोगलगाय. इतकी मोठी की बिराचा रेडा तिच्या पोटाखाली दिसेना. फुगलेल्या बेगमला औषध पाजता येईना, ढाल धरता येईना. ती नुसती आडवी पडायची. एकदा पडली ती दगड्याला बाजूनं घासून गेली आणि सगळी रेड्यावर बसली. अर्धमेला रेडा होता तो, चपटा झाला. बाकीचे दोन डाव तिचं पडणं चुकवत मी कसे काढले ते मलाच माहीत. बेगम फुस्स झाली, दगड्यानं शिंग लावलं. मी जिंकलो!

नदीम रिमोट उडवत हसत होता. "मेरेकू बी देखना था ना यारो, बेगम बड़ी होके कैसी दिखती!"

पार्लर हसून कोसळलं. पप्पूभाऊच्या डोळ्यांतून पाणी. बिरा, ज्याचा रेडा चिरडला गेला होता तो बिरा, पोट धरून नदीमच्या अंगावर पडला होता आणि म्हणत होता, "आरं काय केलंस हे, लई भारी, लई भारी!" टीव्हीसमोर पोरं फुगलेल्या बेगमचे काढलेले फोटो एकमेकांना दाखवत होती. जिंकलो मी होतो. माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पुणे मिळालं होतं, नदीम मिळाला होता. पण बिराचा हात नदीमच्या खांद्यावर होता ना!

मी म्हटलं, "नदीम, मुद्दाम केलंस ना?"

"छोड़ ना यार. जीत गया ना तू?"

"नाही, सांग. बिराला फुगवू द्यायचं नव्हतं तुला. मला न्यायचं होतं म्हणून केलंस ना? सांग की सगळ्यांसमोर!"

हसणं थांबलं. नदीमनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बिराकडं. "कायकू बोलना रे? तेरेकू जीतना नक्को था क्या?"

"जिंकायचं होतं. पण तू माझ्या बाजूनं होतास, त्याच्या नाही, एवढं एकदा म्हण."

नदीम उठला. शर्टाला हात पुसले. रिमोट त्यानं बिराच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "बिरा, मेरी जगा तू जा इसके साथ पूना. मेरेसे नै होता."

बाहेर त्याची स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. पप्पूभाऊ कूलरकडं बघत राहिला.

नदीमनं मग कुणाचंच ऐकलं नाही. शेवटी पुण्याला आम्ही दोघं गेलो. मी आणि बिरा! सकाळची एसटी. बिरानं मला खिडकीची सीट दिली, मी घेतली. वाळूजच्या कंपन्या मागं पडल्या. माझा फोन मी हातातच धरून ठेवला होता.

फोन बिराचा वाजला. स्क्रीनवर नदीमचं नाव.

"हां, निघालो की," बिरा म्हणाला. "हाय इथंच, शेजारी. देऊ का त्याला?... बरं... बरं... व्हय." आणि त्यानं फोन खिशात ठेवला.

मी खिडकीबाहेर बघत विचारलं, "काय म्हणाला?"

बिरानं केसांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काय नाय. म्हनला, संभाल लेना उसकू."